नागिणीनंतरच्या वेदनेसाठी जनुकीय उपचार घ्यावा का?

नमस्कार. उत्तर देण्यापूर्वी तुमचा प्रश्न मला नीट समजला आहे ना, हे पाहण्यासाठी तो थोडक्यात पुन्हा मांडतो. डोंबिवलीत राहणाऱ्या तुमच्या ६८ वर्षांच्या आईंना दोन वर्षांपूर्वी छातीच्या उजव्या बाजूला नागीण उठली. फोड तीन आठवड्यांत वाळले, पण त्या पट्ट्यातली जळजळ आणि मधूनच विजेचा धक्का बसावा तशी येणारी कळ आजतागायत थांबलेली नाही. ब्लाउजचा स्पर्श सहन होत नाही, पंख्याचा वारासुद्धा बोचतो, आणि लोकलच्या गर्दीत कोणाचा तरी कोपर लागेल या भीतीने त्यांनी दादरला बहिणीकडे जाणेही सोडले आहे. प्रेगाबालिन या नसांच्या वेदनेवरच्या औषधाने गुंगी येते म्हणून ते त्यांनी पंधरा दिवसांत बंद केले. अशातच आयआयटी मुंबईने जनुकीय उपचार तयार केल्याची बातमी तुमच्या वाचनात आली, आणि एका खासगी केंद्राने ‘जनुक व मूलपेशी’ यांचे मिश्र इंजेक्शन साडेचार लाख रुपयांत देण्याची तयारी दाखवली. ते घ्यावे का, आणि ते योग्य नसेल तर खरा उपचार येईपर्यंत थांबावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी मूळचा बधिरीकरणशास्त्राचा डॉक्टर असून गेली २१ वर्षे मुंबईत केवळ वेदनाचिकित्सा करतो. पैसे भरण्याची तारीख जवळ आली असेल तर कारणे वाचण्याइतका वेळ तुमच्याकडे नसेल, म्हणून उत्तर आधी सांगतो: ते इंजेक्शन घेऊ नका. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळालेला जनुकीय उपचार आज जगात कुठेही नाही. तेव्हा तो आपल्याकडच्या एखाद्या केंद्रात साडेचार लाखांत मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खऱ्या उपचाराची वाट पाहत थांबणेही मला पटत नाही, कारण तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून आईंचे नेहमीचे उपचारच अजून पुरते झालेले दिसत नाहीत. मी त्यांना तपासलेले नाही. त्यामुळे खाली औषधांविषयी जे लिहितो ते त्यांच्या मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या स्थितीवर अवलंबून राहील, आणि त्याचा निर्णय त्यांना समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असेल.

आयआयटीच्या बातमीपासून सुरुवात करतो, कारण तीच बातमी हातात घेऊन माझ्याकडेही बरेच रुग्ण आले आहेत. बातमी खरी आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचा आरंभ झाला. परदेशातल्या तशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होतो, याचा मुंबईकर म्हणून मलाही अभिमान वाटतो. मात्र त्यात नेमके काय करतात ते पाहा. रक्ताच्या काही विशिष्ट कर्करोगांत रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालतात, आणि ‘सीडी१९’ ही खूण बाळगणाऱ्या बी-पेशी ओळखून मारण्यास तयार झालेल्या त्या टी-पेशी रुग्णाला परत देतात. तिथे शत्रू कोण हे ठाऊक आहे, त्याच्या अंगावर खूण आहे आणि तो मेला की काम झाले. वेदनेमध्ये असा मारण्याजोगा शत्रू सापडत नाही. ज्या पेशी वेदना वाहून नेतात त्याच पेशी आपल्याला तव्याचा चटका आणि चपलेत घुसलेला खिळाही कळवतात, आणि त्या आपल्याला हव्या असतात.

असे असले तरी वेदनेवर जनुकीय उपचार करण्याची कल्पना हवेतून आलेली नाही. त्यातला मला सर्वांत कल्पक वाटणारा प्रयोग तर तुमच्या आईंच्या आजाराच्या अगदी शेजारघरातून आलेला आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना संवेदना आणणाऱ्या प्रत्येक नसेच्या मुळाशी मज्जापेशींची एक छोटी गाठ असते, तिथे तो वर्षानुवर्षे दडून बसतो. वय वाढले, प्रतिकारशक्ती उतरली की तो त्या गाठीतून नसेच्या वाटेने त्वचेकडे उतरतो; म्हणूनच नागीण शरीराच्या एकाच बाजूला, एकाच पट्ट्यात उठते. उतरताना तो ती गाठ आणि ती नस दोन्ही जखमी करून जातो, आणि फोड वाळल्यावर मागे राहते ती त्या जखमेची वेदना. ओठांवर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स हा याच विषाणूचा भाऊबंद आहे, आणि तोही त्वचा आणि गाठ यांच्यामध्ये नसेतून ये-जा करतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील डेव्हिड फिंक यांच्या गटाने असा विचार केला की हर्पीस सिम्प्लेक्सला ही वाट माहीतच आहे, तर त्याची वाढण्याची क्षमता काढून घ्यावी आणि त्याच्या पाठीवर आपले ओझे द्यावे. ते ओझे होते एन्केफॅलिन बनवणाऱ्या जनुकाचे. एन्केफॅलिन हे शरीर स्वतःच तयार करते असे, अफूच्या जातकुळीतले वेदनाशामक आहे. दुखऱ्या पट्ट्याच्या त्वचेत सुई टोचायची, विषाणू आपणहून नसेतून गाठीपर्यंत चढणार, आणि नसेचा संदेश मज्जारज्जूला जिथे मिळतो नेमक्या त्या ठिकाणी शामक पाझरणार. संपूर्ण शरीरात औषध फिरत नसल्यामुळे मॉर्फिनने येते तशी गुंगी नाही, बद्धकोष्ठ नाही. या प्रयोगाचे पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगामुळे असह्य वेदना असलेल्या १० रुग्णांना ते इंजेक्शन दिले गेले; त्याचे गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत, आणि मध्यम व मोठी मात्रा मिळालेल्या रुग्णांनी वेदना बरीच उतरल्याचे सांगितले. तो अहवाल वाचला त्या रात्री मला उत्साहाने झोप लागली नव्हती, हे प्रांजळपणे सांगतो. त्यानंतर इतकी वर्षे गेली, पण ते इंजेक्शन उपचार म्हणून रुग्णांपर्यंत आलेले नाही.

त्या प्रयोगात तुलनेसाठी औषध नसलेले इंजेक्शन घेणारा गट नव्हता, आणि वेदनेच्या क्षेत्रात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मोठ्या आशेने घेतलेले कोणतेही इंजेक्शन काही आठवडे वेदना उतरवते. यात रुग्ण खोटे बोलत नसतो. अपेक्षेमुळे मेंदू खरोखरच वेदनेचा आवाज कमी करतो. मधुमेहामुळे पायांच्या नसा खराब होऊन होणाऱ्या वेदनेसाठी दक्षिण कोरियातील हेलिक्समिथ या कंपनीने पोटरीच्या स्नायूंत देण्याचे जनुकाचे इंजेक्शन तयार केले होते. त्यात विषाणू नव्हता, नसांच्या वाढीला पोषक असे प्रथिन बनवणारे जनुक डीएनएच्या एका वर्तुळाकार तुकड्यावर बसवून दिले जात होते. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते. मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष मात्र जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले तेव्हा औषधाचे इंजेक्शन आणि औषध नसलेले इंजेक्शन यांत वेदनेच्या मुख्य निकषावर अर्थपूर्ण फरक दिसला नाही. केंद्राने तुम्हाला ‘बरे झालेल्या’ रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या असतील तर त्या पाहताना एवढे ध्यानात ठेवा.

आता माझ्या स्वतःच्या कामातला एक नियम सांगतो, कारण या संपूर्ण प्रश्नाकडे मी त्याच नियमातून पाहतो. वेदनाचिकित्सेत आम्ही कायमचे काही करण्यापूर्वी तेच तात्पुरते करून पाहतो. एखादी नस रेडिओ लहरींच्या उष्णतेने जाळायची असेल तर आधी त्या नसेला काही तासांपुरते बधिर करतो, आणि त्या तासांत वेदना खरोखर उतरली तरच पुढे जातो. मज्जारज्जूला विजेचे सौम्य स्पंदन देणारे यंत्र बसवायचे असेल तर आधी तारा बाहेर ठेवून आठवडाभर चाचणी घेतो. एका बाईंनी पाचव्या दिवशी ‘मला ही झिणझिण नको, त्यापेक्षा आधीचे बरे’ असे सांगितले आणि आम्ही तारा काढून टाकल्या, त्यांच्या अंगावर त्या चाचणीची खूणही राहिली नाही. जो उपचार मागे घेता येत नाही, त्याच्यापुढे माझा हात थबकतो.

हा थबकणारा हात मला एका रुग्णाने दिला. लालबागच्या एका चाळीत राहणारे, गिरणीतून निवृत्त झालेले ते गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांना नागीण होऊन चार वर्षे झाली होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांच्या बरगड्यांखालच्या नसांमध्ये मद्यार्काचे इंजेक्शन देऊन त्या नसा मारल्या गेल्या होत्या. पहिले काही महिने ते अतिशय खूश होते. नंतर त्याच बधिर पट्ट्यात जळजळ परतली, आणि ती पूर्वीपेक्षा तीव्र होती. ते मला म्हणाले, “डॉक्टर, हात लावला तर कळत नाही, आणि तरी तिथंच जळतंय.” या एका वाक्यात जुनाट वेदनेचे सारे शास्त्र आले. नस दीर्घकाळ चुकीचे संदेश पाठवत राहिली की मज्जारज्जूतील आणि मेंदूतील पेशी बदलतात, त्या अधिकाधिक सहज उत्तेजित होऊ लागतात, आणि पुढे खालून संदेश न येताही वेदना उभी राहते. तार तोडली तरी वरची घंटा वाजतच राहते. आयुष्याचे थोडे महिने उरलेल्या कर्करोगाच्या रुग्णात मी आजही मद्यार्काने नस मारतो, कारण वेदना उलटून परतण्याइतका काळ बहुधा त्याच्याकडे नसतो. तुमच्या आईंसारख्या, पुढे वीस वर्षे जगू शकणाऱ्या व्यक्तीत तसे करण्यास मी धजणार नाही. फिंक यांच्या गटानेही पहिल्यांदा कर्करोगाचेच रुग्ण का निवडले असतील, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

जनुकीय उपचार हा या नियमाच्या आड नेमका येतो. एकदा पेशीत जनुक पोहोचले की ते परत मागवता येत नाही. गोळीने गुंगी आली तर गोळी थांबवता येते, इथे थांबवायचे कसे? शिवाय एकदा वाहक विषाणू शरीरात गेला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे मात्रा कमी पडली म्हणून तेच इंजेक्शन पुन्हा देणेही अवघड होऊन बसते. या क्षेत्रात सध्या सर्वाधिक वापरला जाणारा वाहक म्हणजे एएव्ही हा निरुपद्रवी मानला जाणारा विषाणू. माकडांवरच्या अभ्यासांत असे दिसले आहे की त्याची मोठी मात्रा दिली असता मणक्याशेजारच्या संवेदनांच्या गाठींमधील पेशींना इजा होऊ शकते. यकृताच्या किंवा स्नायूंच्या आजारात हा धोका तोलून स्वीकारता येईल, पण वेदनेच्या रुग्णात मुळात आजारी असलेली जागा तीच आहे.

तुम्ही ‘वेदनेचे जनुक बंद करणे’ असा शब्दप्रयोग केला आहे, म्हणून त्याबद्दलही लिहितो. असे जनुक खरोखर आहे. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत वेदना अजिबात न जाणवणारी मुले होती. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर खेळ करून पैसे मिळवत असे, हातातून सुरी आरपार घालून दाखवी आणि निखाऱ्यांवरून चाले. या कुटुंबांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कळले की त्या मुलांमध्ये एससीएन९ए हे जनुक निकामी होते. हे जनुक वेदनेच्या मज्जापेशींवर ‘नेव्ह १.७’ नावाची सोडियमची वाहिनी बनवते, आणि ती नसेल तर वेदनेचा संदेश उठतच नाही. तो मुलगा मात्र शास्त्रज्ञांना भेटण्याआधीच, चौदावा वाढदिवस येण्यापूर्वी, घराच्या छपरावरून उडी मारून मरण पावला होता. इतर मुलांच्या ओठांना आणि जिभांना लहानपणी स्वतःच चावल्यामुळे झालेल्या जखमा होत्या, आणि काहींची हाडे मोडूनही त्यांना पत्ता लागला नव्हता. आपल्याकडे एखाद्याला ‘दुखणे-खुपणे काही नाही, सुखी आहे’ असे म्हणतात, तेव्हा मला ती मुले आठवतात.

त्या शोधानंतर नेव्ह १.७ रोखणाऱ्या गोळ्या बनवण्याचे अनेक प्रयत्न झाले आणि बहुतेक फसले. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी क्रिस्पर या जनुक कापून बदलण्याच्या तंत्रातील कातरीची धार काढून टाकली, म्हणजे डीएनए कापला जाणार नाही अशी व्यवस्था केली, आणि ते बोथट साधन केवळ जनुकावर झाकण ठेवण्यासाठी वापरले. एएव्हीमार्फत पाठीच्या कण्यातील द्रवात ते दिल्यावर उंदरांची वेदना उतरली आणि काही प्रयोगांत हा परिणाम ४४ आठवडे टिकला. वेदनेखेरीज इतर संवेदना आणि हालचाल शाबूत राहिली. माझ्या मते आजवरच्या प्रयत्नांपैकी ही दिशा सर्वांत विचारपूर्वक घेतलेली आहे, कारण इथे जनुक तोडलेले नाही, दडपलेले आहे, आणि मागे येण्याची थोडी वाट शिल्लक ठेवलेली आहे. पण तो उंदीर आहे. सुजेमुळे किंवा कर्करोगाच्या औषधामुळे काही दिवसांपूर्वी सुरू झालेली उंदराची वेदना वेगळी, आणि दोन वर्षे मज्जारज्जूत मुरलेली तुमच्या आईंची वेदना वेगळी.

जाता जाता एक खुलासा: ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सुझेट्रिजिन या गोळीला मान्यता मिळाली, तिची बातमी काही ठिकाणी ‘जनुकांवर आधारित वेदनाशामक’ अशी आली होती. ती साधी गोळी आहे, नेव्ह १.८ ही त्याच कुटुंबातली दुसरी वाहिनी ती रोखते, आणि तिची मान्यता शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसारख्या तात्कालिक वेदनेपुरती आहे.

वेदना फार चांगली थांबली तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे. टॅनेझुमॅब हे नसांच्या वाढीच्या एका घटकाला अडवणारे इंजेक्शन गुडघ्याच्या झिजेच्या वेदनेवर खरोखर गुणकारी होते. परंतु काही रुग्णांचे सांधे ते घेत असताना अतिशय वेगाने झिजले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्याविरुद्ध कौल दिला आणि त्याच वर्षी कंपन्यांनी तो प्रकल्प सोडून दिला. ते इंजेक्शन काही आठवड्यांनी शरीरातून निघून जात होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. तोच परिणाम देणारे जनुक आपण कायमचे घातले असते तर त्या रुग्णांना काय सांगितले असते, हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी विचारतो.

इतके वाचून जनुकीय उपचाराचा वेदनेशी संबंधच नाही असा समज मात्र करून घेऊ नका. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना वारंवार असह्य वेदनेचे झटके येतात. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पुष्कळ आहे आणि तिकडून मुंबईत येणाऱ्या तरुण मुलांना मी मॉर्फिन देऊन रात्र काढताना पाहिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या क्रिस्परवर आधारलेल्या उपचारात, पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने तीव्र झटका आला नाही. हे यश मोठे आहे, आणि ते का मिळाले हेही स्पष्ट आहे. तिथे वेदनेच्या नसेला कोणी हात लावला नाही. वेदना निर्माण करणारे रक्तच बदलले. दोष एका जनुकात होता आणि तो कुठे आहे हे माहीत होते. त्यासाठी रुग्णाचा अस्थिमज्जा आधी तीव्र औषधांनी रिकामा करावा लागतो, आणि अमेरिकेतील किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. नागिणीनंतरच्या वेदनेत दुरुस्त करण्याजोगे असे सदोष जनुक नाही, तिथे जखम आहे. म्हणून एका आजारातले यश दुसऱ्यात आपोआप येत नाही.

आता त्या केंद्राविषयी. त्याचे नाव तुम्ही लिहिले नाही ते बरे केले, मलाही ते नको आहे. ‘जनुक’ आणि ‘मूलपेशी’ हे दोन शब्द एकाच इंजेक्शनच्या नावात आले की मी सावध होतो, कारण या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या मान्य उपयोगांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ रीतसर चाचणीतच करता येतो, आणि जनुकीय उपचारांसाठी परिषदेने २०१९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढलेली आहेत. त्यांना दोनच प्रश्न लेखी विचारा. हा मान्यताप्राप्त उपचार असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांनी कोणत्या आजारासाठी मान्यता दिली, त्याचे पत्र दाखवा. चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील तिचा नोंदणी क्रमांक द्या. तो क्रमांक तुम्ही घरी बसून संकेतस्थळावर पडताळून पाहू शकता. आणि चाचणी खरी असेल तर साडेचार लाख कशाचे? प्रायोगिक औषधाचा खर्च चाचणी घेणाऱ्याने उचलायचा असतो, आणि त्यातून इजा झाल्यास उपचाराची व भरपाईची जबाबदारीही त्याचीच असते. माझ्या अनुभवात या दोन प्रश्नांनंतर अशा केंद्रांचे दूरध्वनी यायचे थांबतात.

मग करायचे काय? आईंनी प्रेगाबालिन सोडले ते गुंगीमुळे, परिणाम नसल्यामुळे नाही, हा फरक महत्त्वाचा आहे. वयस्कर व्यक्तीला हे औषध सकाळ-संध्याकाळ नेहमीच्या मात्रेत सुरू केले तर गुंगी येणारच, तोलही जातो. मी क्रिएटिनिन तपासतो, कारण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते, आणि मग रात्री एकच छोटी मात्रा देऊन दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडीथोडी वाढवतो. ते सोसलेच नाही तर नॉर्ट्रिप्टिलिनची लहान मात्रा रात्री देता येते, मात्र त्याआधी हृदयाचा आलेख काढून घेणे मला आवश्यक वाटते. ही औषधे डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत. योग्य मात्रेवर चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय ‘उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढू नये. आणि सुरू केल्यावर एकदम बंदही करू नयेत.

स्पर्शच बोचतो अशा तुमच्या आईंसारख्या रुग्णांत लिग्नोकेनची औषधी पट्टी मला विशेष आवडते. ती त्या पट्ट्यातील अखंड त्वचेवर बारा तास लावायची आणि बारा तास काढून ठेवायची. रक्तात फारच थोडे औषध जाते, गुंगी येत नाही, आणि कपडा थेट त्वचेला घासत नाही हा वेगळाच लाभ. बाहेर जायच्या वेळेच्या तासभर आधी ती लावली तर लोकलमधल्या कोपराची भीतीही कमी होईल. आत मऊ, घट्ट बसणारे सुती कापड वापरा. सैल कपडा त्वचेवर हलत राहतो आणि अधिक बोचतो, हे रुग्णांकडूनच शिकलो.

एवढे करूनही वेदना दहापैकी सहा-सातच्या वर राहिली, तर त्या बरगड्यांच्या नसांना किंवा मणक्याजवळ बधिर करणारे इंजेक्शन आणि काही रुग्णांत नस न जाळणाऱ्या, स्पंदित रेडिओ लहरींचा उपचार असे पुढचे टप्पे आहेत. त्यांचा पुरावा मध्यम दर्जाचा आहे. माझ्या काही रुग्णांना अनेक महिने आराम मिळाला, काहींना आठवडाभरही मिळाला नाही. कोणाला मिळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच आधी तात्पुरते बधिर करून पाहायचे. वेदना शून्यावर येईल असे आश्वासन मी देत नाही. ती निम्म्यावर आली, रात्रीची झोप लागू लागली आणि आई दादरला जाऊन आल्या, तर माझ्या वहीत तो उपचार यशस्वी म्हणून नोंदला जातो. मुंबईतील शिकवणाऱ्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत बधिरीकरण विभागामार्फत वेदनेचे बाह्यरुग्ण विभाग चालतात, आणि तिथला खर्च तुम्हाला सांगितलेल्या रकमेच्या आसपासही जात नाही. जाताना आजवरच्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि ती किती दिवस घेतली हे एका कागदावर लिहून न्या. ‘सगळे करून झाले’ असे म्हणणाऱ्या रुग्णांचा असा कागद पाहिला की निम्मे उपचार अपुऱ्या मात्रेत झालेले निघतात.

तुमच्या प्रश्नात वडिलांचा ओझरता उल्लेख आहे. ते ७२ वर्षांचे आहेत आणि आईंचे सारे तेच पाहतात. नागिणीची प्रथिनांपासून बनवलेली, जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते आणि ती पन्नाशीनंतर देतात. ती आईंची आताची वेदना कमी करणार नाही, पण वडिलांवर ही वेळ येण्याचा धोका बराच घटवील. नागीण पुन्हाही होऊ शकते, त्यामुळे आईंनीही ती घ्यावी का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. लस स्वस्त नाही, आणि दोन मात्रांमध्ये दोन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. तेव्हा आईंना दाखवायला न्याल त्याच दिवशी वडिलांनाही सोबत घेऊन जा आणि पहिल्या मात्रेची तारीख ठरवूनच परत या.